अर्धं जुनं, अर्धं ताजं

शनिवार, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. प्रयोगशाळेत काकूंचे दोन्ही हात कोपरापर्यंत काचेच्या कपाटात आहेत. आत गाळलेली हवा सतत वाहत असते, त्यामुळे बाहेरची धूळ शिरत नाही. समोर बारा चिपा मांडलेल्या. प्रत्येक चिप टपाल तिकिटाएवढी. तिच्यावर माणसाच्या रक्तापासून वाढवलेल्या मेंदूच्या पेशींचा थर आणि थराखाली केसाहून बारीक तारा. पेशी एकमेकींना विजेचे इशारे देतात, तारा ते शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचवतात. कॉम्प्युटरही उलट इशारे देतो. या देवाणघेवाणीवर टेबलावरची एक छोटी गाडी चालते. भिंत जवळ आली की पेशींनी ती वळवायची असते.

काकूंचं काम पेशींना जेवू घालण्याचं. जेवण म्हणजे गुलाबी पाणी. साखर, क्षार आणि बरंच काही घातलेलं. ते बदलताना जुनं अर्धंच काढायचं, अर्धं राहू द्यायचं, तेही एक दिवसाआड. जुन्या पाण्यात पेशींनी स्वतः सोडलेले रस असतात आणि त्यांच्यावरच त्या तग धरतात. सगळं उपसलं तर पोट भरतं, पण आधार जातो. नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला हे काकूच शिकवतात. कुणी जास्त ओढून घेतलं की मागून आवाज येतो, "पातेलं घासायला बसलायस का?"

सात नंबरची चिप काकूंच्या नवऱ्याची.

ते लिफ्ट दुरुस्त करायचे. प्रयोगशाळेला धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं, तेव्हा काकूंनी त्यांना धरून आणलं. सुई टोचून घेताना ते म्हणाले, "माझं डोकं घेताय खरं, पण दुपारी एक ते तीन ते बंद असतं, आधीच सांगून ठेवतो." चिपांवर नावं नसतात, नुसते आकडे असतात. पण रक्ताची नळी काकूंनीच आत नेली होती, त्यामुळे सात म्हणजे कोण हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बोलायचे ते गाडीबद्दल. बाकीच्या चिपा भिंतीच्या अलीकडेच वळायला शिकल्या. सातची गाडी आधी भिंतीला धडकायची, मग वळायची.

"ह्यांना खात्री करून घ्यायची असते," काकू म्हणायच्या.

गेल्या वर्षी ते वारले. एका इमारतीची बंद लिफ्ट सुरू करायला गेले होते, जिना चढताना छातीत कळ आली. काकू दहाव्या दिवशी कामावर आल्या. प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं.

"काकू, स्पष्टच बोलते. त्या पेशींना काही आठवत नाही. ते म्हणजे ते नव्हेत."

"आठवायला कशाला हवंय? असतानाही त्यांना काही आठवायचं नाही. दूध आणायला पाठवलं की साबण घेऊन यायचे." मग हातमोजे चढवत म्हणाल्या, "चालू राहू देत, एवढंच."

तेवढंही फार काळ चालणार नव्हतं. मेंदूच्या या पेशी वाढत नाहीत, फक्त जगतात. नीट सांभाळली तर एक चिप वर्षभर टिकते. सात नंबरच्या पेशींच्या गोठवून ठेवलेल्या कुप्यांपैकी शेवटची या चिपेसाठी उघडली होती. ही गेली की सात नंबर संपला.

दीड महिन्यापूर्वी सातचे इशारे थोडे विरळ झाले. वयाने होतात. काकू घाबरल्या. एका सकाळी त्यांनी सातचं पाणी सगळंच काढलं आणि ताजं भरलं. दोन दिवस पेशी जोरात होत्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा मंदावल्या, तेव्हा काकूंनी पुन्हा सगळं बदललं. मग रोजच.

गुरुवारपासून सात नंबर गप्प आहे.

"आजही नाही का?" काकूंनी काचेच्या पलीकडे विचारलं.

कॉम्प्युटर बघणाऱ्याने मान हलवली. "सपाट रेघ. बाकी अकरा जणी बडबडतायत." आठवण झाली तशी तो म्हणाला, "एकपर्यंत थांबून बघू, त्यानंतर त्यांची झोपायची वेळ." मग आपलं चुकलं असं वाटून स्क्रीनकडे वळला.

काकू हसल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

मॅडम आल्या त्या खाद्याची बाटली घेऊनच. "उष्णता ठीक आहे, हवा ठीक आहे. म्हणजे हेच खराब असणार. सात म्हातारी, तिला आधी बाधलं. सगळा साठा परत पाठवते. सोमवारपर्यंत बाकीच्यांना अर्ध्या पोटी ठेवू."

"बाकीच्यांना कशाला उपाशी ठेवता?" काकू म्हणाल्या. "खाद्य चांगलं आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

काकूंनी हात कपाटातून बाहेर काढले, हातमोजे उतरवले. "सातचं मी सगळं बदलत होते. रोज."

मॅडमनी बाटली टेबलावर ठेवली. "काकू, अर्धं का ठेवायचं ते तुम्ही मला शिकवलंत. मी इथे नवीन होते तेव्हा."

"हो."

"मग?"

"त्यांना शिळं चालायचं नाही," काकू म्हणाल्या. "सकाळची भाजी रात्री वाढली की ताट सरकवायचे. तीस वर्षं मी दोन्ही वेळा ताजं केलं. ह्यांच्यापुढे रोज ते अर्धं जुनं ठेवायचं... हात पुढे होईना."

मॅडम शेजारच्या स्टुलावर बसल्या.

"परत येतील का?" काकूंनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"नाही."

सलग तीन दिवस सपाट रेघ आली की चिप जंतुनाशकात बुडवायची, असा इथला नियम आहे. "मी करते," मॅडम म्हणाल्या.

"नको. तुमचा हात जड आहे."

काकूंनी दुसरे हातमोजे घातले. सात नंबरची चिप चिमट्याने उचलली, काठावर एकदा निथळू दिली आणि जंतुनाशकाच्या पेल्यात सोडली. गुलाबी थेंब पांढुरके झाले. वीस मिनिटं ठेवावं लागतं. काकू शेजारी उभ्या राहिल्या नाहीत. तेवढ्या वेळात त्यांनी उरलेल्या अकरा चिपांचं अर्धं पाणी काढलं आणि अर्धं भरलं. कॉम्प्युटर बघणाऱ्याने गाडीची बॅटरी काढून चार्जिंगला लावली. मॅडमनी साठा परत करण्याचा निरोप रद्द केला. सकाळच्या कामांच्या पाटीवर त्यांनी एक नवी ओळ लिहिली: खाद्य बदलताना दोघांनी हजर राहावं. खाली काकूंचं नाव घातलं नाही.

उद्या रविवार. चिपांना जेवण सोमवारी, पण त्या ज्या उबदार पेटीत राहतात, त्या इन्क्युबेटरमधलं पाणी आणि उष्णता रोज तपासावी लागते. उद्याची पाळी काकूंची आहे. सात वाजता दार त्याच उघडतील.