जाम झालेला व्हॉल्व्ह

नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये एस्प्रेसो कॉफीचं मशीन आहे. दूध फेसाळायला वाफ सोडायची त्याची मूठ महिनाभर जड फिरत होती. एका रविवारी सकाळी ती जागची हलेना. मशीन तापलेलं होतं. मी मुठीवर फडकं गुंडाळलं, पक्कड लावली आणि जोर करणार, तेवढ्यात मागून अप्पा ओरडले, "हात काढ! काढ म्हणतो ना!"

माझे वडील कधी ओरडत नाहीत. साताऱ्याहून येऊन त्यांनी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात बॉयलरवर नोकरी केली. घरी त्या कामाबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्यांनी प्लग काढला. "आत वाफ असताना जाम व्हॉल्व्हला जोर लावायचा नसतो. निवू दे." मग खाण्यापिण्याच्या मशीनला चालणारं ग्रीस आणायला मला वाशीला पिटाळलं.

मी परतले तोवर मशीन गार झालं होतं. अप्पांनी मूठ उपसली, नट सैल केला, आतला दांडा अलगद फिरवत बाहेर काढला. त्याच्यावरची रबरी रिंग वाळून कडक झाली होती. आट्यांमधलं ग्रीस पार सुकलेलं. "बंद करताना फार आवळतेस तू," ते म्हणाले. मशीनबरोबर आलेल्या पिशवीत जादा रिंग होती, ती बसवली. बोटाने ग्रीस चोळता चोळता ते बोलू लागले.

"माझ्या जोडीला एक जण होता, इथल्याच तळवली गावचा. असाच व्हॉल्व्ह जाम झाला. तो म्हणाला, प्रेशर उतरू दे. शिफ्ट संपत आलेली, मला घाई. मी म्हटलं, पाना लाव, काही होत नाही."

"मग?"

"व्हॉल्व्हच तुटला, वाफ त्याच्या अंगावर आली. आठ दिवस जगला तो. चौकशीत त्याचीच चूक ठरली. मी गप्प बसलो."

"त्याच्या घरी गेलात कधी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मूठ परत बसवली, फिरवून पाहिली. लोण्यासारखी फिरली. पण आम्ही दोघांनीही कॉफी केली नाही.

पुढचे चार दिवस अप्पा धड जेवले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. "तळवलीला येतेस?"

विचारत विचारत त्या जोडीदाराचं घर सापडलं. ओट्यावर एक म्हातारी बाई सुपात वाल सोलत बसली होती. ती त्याची बायको. अप्पांनी चपला काढल्या, हात जोडले.

"वहिनी, मी तुमच्या मालकांच्या जोडीला बॉयलरवर होतो. त्या दिवशी पाना लावायला मीच सांगितलं होतं."

बाईंचे हात थांबले. त्यांनी मान वर करून अप्पांकडे पाहिलं.

"मना ठावं हाय," त्या म्हणाल्या. "दवाखान्यान त्यानीच सांगितलेला. कोनाला बोलू नको, त्याचीपन पोरा हायेत, असा बोलला."

अप्पा खाली बसले, पायरीवरच.

"पन तुमी येवाला पायजे होता," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते ऐकवेना. "येक डाव तरी."

 अप्पा रडत होते आणि डोळे पुसत नव्हते. बाईंनी वालाचं सूप बाजूला सारलं, उठल्या आणि आतून पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला.