खंडेनवमीचे रिकामे कपाट

ती घटना विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. खंडेनवमी आली, की ते रिकामे कपाट माझ्या डोळ्यांपुढे उभे राहतेच.

तेव्हा मी भोर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नसरापूरच्या पुढे, हमरस्त्यापासून थोडा आत, एक रसायनांचा कारखाना होता. तिथे अधूनमधून आपत्कालीन सराव चाले. भोंगा वाजायचा, कामगार वाऱ्याची दिशा पाहून मैदानात जमायचे आणि माझे शिपाई रस्ता अडवायचे. कारखान्याचा सुरक्षा अधिकारी मोठा टापटिपीचा. त्याचा सराव इतका देखणा, की शेवटी टाळ्या वाजवाव्याशा वाटत.

खंडेनवमीच्या दुपारी खरा भोंगा वाजला. क्लोरीनच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळत होता. सणामुळे पाळीवर मोजकीच माणसे होती. ती शिस्तीत मैदानात आली, आम्ही वाहतूक अडवली, इथवर सगळे चोख. अशा वेळी वायूत शिरणाऱ्याने श्वसनसंच चढवायचा असतो, म्हणजे पाठीवर हवेचे नळकांडे आणि तोंडावर मास्क. पाळीवरच्या ऑपरेटरने धावत जाऊन संचांचे कपाट उघडले, तर आत काहीच नाही. गडी मागे फिरला नाही. ओला टॉवेल तोंडाला गुंडाळून आत गेला, व्हॉल्व्ह बंद केला आणि बाहेर येऊन कोसळला. त्याला पुण्याच्या इस्पितळात हलवले.

सुरक्षा अधिकारी सणासाठी घरी गेला होता. तो धावत आला आणि सगळे संच चोरीला गेल्याची फिर्याद त्याने दिली. मी पंचनामा केला. संध्याकाळी ठाण्यात फोन वाजला.

"नाव इचारू नका, सायेब. गेटवरच्या वाचमननं सकाळी गाडीवर पोतं नेलंय. म्या सवता बगितलंय."

वाचमन वेल्ह्याकडच्या डोंगरवाडीतला, गुरे-शेळ्या राखणाऱ्या घरातला. त्याला समोर बसवले.

"पोतं नेलंस?"

"व्हय."

"काय होतं त्यात?"

गप्प. पुन्हा विचारले, पुन्हा गप्प. हवालदाराचे हात शिवशिवत होते, पण मी त्याला खुणेने थांबवले. गुन्हा लपवणारा फार बोलतो, लाज लपवणारा गप्प बसतो, हा माझा अनुभव.

"ऑपरेटरचं बरंवाईट झालं, तर हे नुसतं चोरीवर भागणार नाही. नोकरी तर जाईलच, आयुष्यही तुरुंगात जाईल," मी म्हणालो.

त्याचे डोळे भरून आले. "त्यो आन् म्या एका डब्यात जेवतो, सायेब. त्येला मारायला म्या मास्क चोरीन व्हय?" एवढेच बोलला. त्या रात्री त्याला कोठडीत ठेवले.

दसऱ्याच्या सकाळी पंचांना घेऊन आम्ही त्याच्या घराची झडती घ्यायला वाडीवर गेलो. दारात त्याची बायको उभी. पोते शेळ्यांच्या गोठ्यातच सापडले. त्यात उरलेला कोबीचा पाला होता.

"आजून शोधा की! शेळ्यांच्या पोटात बी बगा," ती कडाडली. "क्यान्टीनचा टाकलेला पाला हाय त्यो. पासबिगर काडी भायेर जाऊ द्यायची न्हाई, हीच त्येची नोकरी. आन् त्येनंच पाला आणला. मंग कुठल्या तोंडानं सांगल?"

फोनवरची खबर खरी होती. चोरी तिच्यात आम्ही घातली होती.

घरात देवापुढे कोयता, खुरपी, एक कुऱ्हाड हळद-कुंकू लावून मांडलेली. हवालदार वाकून कोयता उचलायला गेला.

"हात लावू नगा! पूजंला बसल्यात. सांजच्याला सोनं लुटल्याबिगर उचलायचं न्हाई."

"आणि मध्येच वाघरू आलं तर?" हवालदाराने डिवचले. "त्याला सांगणार का, थांब बाबा, पूजा चाललीय?"

"ती बगा दाराला दुसरी कुराड. सगळीच कशाला मांडीन?"

हवालदार हसला. मला हसू आले नाही, कारण मला कालचा कारखाना आठवला. आग विझवायची नळकांडी, पाण्याचे पाइप, फोर्कलिफ्ट, इतकेच काय, भोंग्याच्या बटणालाही कुंकवाचे बोट लागले होते. कोरे होते ते फक्त संचांचे कपाट. सुरक्षेच्या वस्तूंवर इतका जीव असलेला माणूस नेमक्या त्याच कपाटाला कसा विसरेल? विसरला नसेल, तर कपाटाऐवजी आतल्या वस्तूंचीच पूजा झाली असणार.

तडक कारखान्यात गेलो. सुरक्षा अधिकाऱ्याला कपाटापुढे उभे केले.

"साहेब, सगळ्यांना हळद-कुंकू लावलंत. यानं काय घोडं मारलंय?"

त्याची नजर कपाटावरून सुटली आणि बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे गेली.

"तुमच्या गाडीची डिकी उघडा."

डिकीत सगळे संच होते. पट्ट्यांवर कुंकू आणि मास्कच्या काचेला चिकटलेल्या अक्षता.

मग तो घडाघडा बोलला. प्रत्येक विभागाची पूजा वेगळी, आणि सुरक्षा विभाग म्हणजे तो एकटाच. आपल्या खोलीत संच आरास करून मांडले, फोटो काढला, मोठ्या साहेबांना पाठवला. पुजलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, म्हणून तशीच ठेवून कुलूप लावले आणि किल्ली घेऊन घरी गेला. वायुगळतीचा फोन येताच तो धावत आला. गोंधळात खोली उघडून त्याने संच गाडीत दडवले आणि चोरीचा बोभाटा केला.

"माझ्या मनात पाप नव्हतं, सर."

"पूजा करताना नव्हतं. वाचमन तुमच्यापायी कोठडीत बसला, तेव्हा होतं," मी म्हणालो. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. खोटी फिर्याद आणि हलगर्जी, दोन्हींबद्दल कारवाई केली, तेव्हा कुठे तो राग शांत झाला.

वाचमनला ठाण्याच्या जीपने वाडीवर पोचवले. सोने लुटायच्या वेळेला तो घरी होता.

आपत्कालीन आराखडा माणसांसाठी असतो आणि माणसे सण करणारच. करू नका म्हणणारा आराखडा टिकणार नाही. आमच्या ठाण्यातही दसऱ्याला बंदुका पूजेला मांडतात, पण पहाऱ्यावरच्या शिपायाची बंदूक त्याच्या खांद्यावरच राहते. तेवढे शहाणपण आराखड्यात लिहायचे राहिले होते.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम कारखान्यात डोकावलो. ऑपरेटर कामावर परतला होता, पण आवाज कायमचा घोगरा झालेला. तो संचांच्या कपाटाच्या दाराला कुंकू लावत होता. आत सगळे संच जागच्या जागी टांगलेले. नव्या एका कामगाराने हौसेने एक मास्क पूजेला खाली काढू पाहिला, तशी ऑपरेटरने त्याच्या हातावर चापट मारली.

"आरं, त्येला न्हाई काढायचं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "त्यो ड्युटीवर हाय."