दोन तपकिरी ठिपके

पप्पांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला, त्या आठवड्यात आईने कढई माळ्यावर टाकली. तिचं ठाम मत होतं, आपण जन्मभर तळून वाढलं, तेच तेल आत साचलं. कुणी भेटायला आलं की ती मान खाली घालून बसायची.

मी तेव्हा एका प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. मृत्यूनंतर दान केलेल्या हृदयांतल्या रक्तवाहिन्यांचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली तपासायचे, हे माझं काम. रंग असा दिलेला की जी पेशी वाढून दुभंगायच्या तयारीत आहे, तिचंच केंद्रक तपकिरी दिसावं. बाकी सगळं निळं. तीन दिवस मी निळंच बघत होते.

चौथ्या दिवशी दुपारी, साचलेल्या थरात दोन तपकिरी ठिपके! अगदी शेजारी शेजारी. मी खुर्चीतून उठलेच.

"सर, लवकर या ना!"

सरांनी डोळा लावला, भिंग फिरवलं. "रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी दिसतायत. आत सरकून वाढायला लागल्या होत्या."

हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. सरांना विचारून मोबाइलवर फोटो काढला.

संध्याकाळी गोडदेवला घरी पोचले, ती चपला न काढताच आत शिरले.

"हे बघा! चरबी साचते, ते खरंच. पण भिंत दुखावली की तिच्यातल्या पेशी आत येतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. चरबीवर झाकण धरतात. करतात दुरुस्तीच, पण थर जाड होत जातो नि वाट अरुंद होते."

आईने फोन हातात घेतला. "म्हणजे माझ्या तळण्याने नाही झालं?"

"एकट्या तळण्याने नाही गं. पप्पांचं बीपी होतं, सिगारेट होती..."

पप्पांनी पेपर तोंडापुढे धरला.

"ऐकलंत?" आई म्हणाली. कित्येक दिवसांनी तिचा आवाज असा चढला होता. मला हसू आवरेना.

तेवढ्यात पप्पांनी फोन घेतला नि थेट समोरच्या दारात गेले. "भाई, देखो, मेरी नस का फोटो!"

"तुमची नाही हो, पप्पा!" मी ओरडले. पण समोरचे काका चष्मा शोधायला आत गेलेसुद्धा होते.