व्हिडिओ कॉलची तालीम

मस्कतच्या एका महाविद्यालयाशी केलेला करार दोन वर्षांचा होता. इंग्रजी शिकवायचं, राहायला खोली, वर्षातून एकदा घरी येण्याचं तिकीट. सही करून पाठवला तेव्हा निघायला सहा आठवडे होते. मी सेहेचाळीस वर्षांची, अविवाहित. हडपसरच्या घरात मी आणि आई, दोघीच. तिला एकटीला मागे ठेवता येईल का, एवढाच प्रश्न होता आणि तो सुटला आहे असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं होतं.

व्यवस्था चोख होती. डबा सकाळी अकराला येणार. घराची एक किल्ली भांडीवाल्या मावशींकडे, दुसरी समोरच्या काकूंकडे. आईच्या गोळ्या वारांप्रमाणे सात कप्प्यांच्या डबीत. डबी हातात घेऊन आई म्हणाली, "आठवा कप्पा असता तर मलाही ठेवलं असतंस त्यात."

शिकवायला लागण्यापूर्वी मी बरीच वर्षं वर्तमानपत्रात होते. दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका काढणं हेच काम. घरात त्या वर्षी दोन गोष्टी बदलल्या होत्या. दोन्ही मला दिसल्या आणि दोन्हींचा अर्थ मी चुकीचा लावला. एक, आईने पेपर वाचणं सोडलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, "तू सोडलास ना? मग मीही सोडला. काय उरलंय त्यात?" मी हसले. दुसरी, बोलताना ती माझ्याकडे बघत नसे. मान थोडी वळवून खिडकीकडे बघत बोले. मी जाणार, त्याचा हा राग आहे असं मी धरून चालले. रागावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून विचारलं नाही.

शनिवारी माझ्या इथल्या महाविद्यालयात निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, चाकांची निळी बॅग. रविवारी दुपारी आम्ही व्हिडिओ कॉलची तालीम घेतली. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, मी आतल्या खोलीत. मी फोन लावला, तिने तो बरोबर उचलला. तेवढ्यात कागदांची फाइल पलंगावरून खाली पडली. ती उचलण्यासाठी मी फोन गादीवर पालथा ठेवला.

"दिसतेस की," बाहेरून आईचा आवाज आला. "छान दिसतेस. जरा बारीक वाटतेस, पण."

मला वाटलं, थट्टा करते आहे. बाहेर गेले. तिने फोन हातभर अंतरावर तोंडासमोर धरला होता. त्यात काळोख होता आणि ती त्या काळोखाकडे बघून हसत होती. मी तिच्या उजव्या बाजूला दारात उभी होते. काही क्षणांनी तिने फोन खाली घेतला.

"तू इथे आहेस होय," ती म्हणाली. मान वळवली नव्हती.

"आई, कधीपासून?"

"झाले आठ-नऊ महिने. जेवढं लागतं तेवढं दिसतं मला."

सोमवारी डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजला होता. कडेचं दिसतं, समोरचं नाही. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं टिकवायला अधूनमधून डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल. कडेचं दिसत असल्यामुळे ती घरभर नीट वावरत होती. गोळ्यांची डबी मात्र तिने चाचपूनच लक्षात ठेवली होती.

त्याच संध्याकाळी मी मस्कतला येत नसल्याची ईमेल लिहिली. तीन ओळी. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, तेही सभ्य आणि तेवढंच लांब. मग आईला सांगितलं.

"मला विचारलंस का?"

"तू मला सांगितलंस का?"

"सांगितलं असतं तर तू फॉर्मच भरला नसतास," ती म्हणाली. "नऊ महिने गप्प बसले ते कशासाठी? आता म्हणतील, म्हातारीने पोरीला अडवलं."

जुनी नोकरी परत मिळते का बघायला महाविद्यालयात गेले, तर माझ्या जागेवर नवीन बाई रुजू झाल्या होत्या. प्राचार्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. "अहो मॅडम, आपल्याला शाल घालून झाली," ते म्हणाले. "ती काढून कशी घ्यायची, ते नियमात नाही." आता मी आठवड्यातले तीन दिवस लोणी काळभोरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. निळी बॅग माळ्यावर आहे.

इंजेक्शनं चालू आहेत. फार बिघडलं नाही, सुधारलंही नाही. आई माझ्याशी बोलते: डबा बंद केलास का, मावशी आल्या होत्या का. पूर्वी ती मान वळवून बोलायची, तेव्हा मला बघत असायची, हे डॉक्टरांकडून आल्यावर कळलं. त्या सोमवारनंतर ती तसं करत नाही. बोलताना चेहरा सरळ माझ्यासमोर धरते.