आप्पांचं आवतण

आप्पा गेल्याची बातमी आमच्या कंपनीत टेबलाटेबलावरून आली. मी अगदी कोपऱ्यात बसते, त्यामुळे ती येताना मला दिसली. पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ दारातून आत आले, पहिल्या टेबलाशी वाकून काहीतरी बोलले आणि तिथला माणूस उठून उभा राहिला. मग दुसरं टेबल, मग तिसरं... माझ्यापर्यंत येईस्तोवर निम्मं ऑफिस उभं होतं आणि मला काय ते कळून चुकलं होतं. तरी त्यांनी माझ्यापुढं येऊन हात जोडलेच. "मी आप्पांचा मेव्हणा. दाजी पहाटं गेले, ताई. मोबाईलवर टाकलं असतं, पण त्यांनी दवाखान्यातच बजावून ठेवलेलं. कंपनीत परत्येकाच्या टेबलावर जाऊन सांगायचं, एकबी सोडायचा नाय." निफाडहून अंबडच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत मोटारसायकलवर आले होते बिचारे, धाप लागली होती. जाता जातासुद्धा या माणसानं दुसऱ्याला फेरी मारायला लावली, असं मनात आलं आणि तिथंच मला रडू फुटलं.

आता हे आप्पा कोण आणि हे टेबलाटेबलाचं काय प्रकरण, ते सांगायला हवं. पगाराच्या स्लिपवर दत्तात्रय बोरस्ते. बाकी सगळ्यांचे आप्पा. निफाडकडचे द्राक्षबागायतदार, पण बाग भावावर सोपवून आमच्या छोट्याशा कंपनीत प्रोग्राम लिहायला आले ते कायमचेच. आम्ही द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजचे कंट्रोल बोर्ड बनवतो. आतलं तापमान किती, कॉम्प्रेसर कधी चालू, कधी बंद, हे ठरवणारे प्रोग्राम सी भाषेत असतात आणि ते आम्ही बरेचजण मिळून लिहितो. सगळ्यांना लागणाऱ्या बारीकसारीक व्याख्या मात्र एकाच सामाईक फाईलमध्ये. घरात मसाल्याचा डबा असतो ना, तसं. भाजी कोणीही करो, हळद त्याच डब्यातली. फरक एवढाच, की आमच्या डब्यातली हळद कोणी बदलली तर घरातला सगळा स्वयंपाक नव्यानं करावा लागतो. फाईलमध्ये एक आकडा इकडचा तिकडं झाला की सगळ्यांचे प्रोग्राम पुन्हा बिल्ड करायचे, म्हणजे मशीनकडून नव्यानं तयार करून घ्यायचे. हा डबा आप्पांच्या ताब्यात होता.

फाईलमधली नावंही त्यांनीच ठेवलेली. अक्षरं इंग्रजी, भाषा थेट निफाडची. तापमानाची वरची मर्यादा 'लय_गरम', खालची 'लय_गार'. मॅक्रो म्हणजे मोठ्या कामाला ठेवलेलं छोटं नाव. तापमान मोजणारा सेन्सर दोनदा वाचून खात्री करणारा मॅक्रो 'नीट_बघ' आणि जरा वेळ थांबणारा 'घाई_नको'. मी पडले शहरात, कॉलेज रोडवर वाढलेली, पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. "आप्पा, उद्या परदेशी गिऱ्हाईक आलं तर त्याला काय सांगायचं?" "सांगायचं काय त्यात? शिकवायचं," म्हणाले. आणि खरंच एक उंचापुरा परदेशी इंजिनिअर आला, आठवडाभर आप्पांच्या मांडीला मांडी लावून बसला आणि परत गेल्यावर त्याची मेल आली, की कॉम्प्रेसर फार लवकर सुरू होतोय, तरी कृपया 'घाई नको' वाढवावी. ती मेल आप्पांनी सगळ्या ऑफिसला मोठ्यानं वाचून दाखवली. माझ्याकडं बघत, अर्थातच.

टेबलाटेबलावर जाऊन सांगायची, म्हणजे आवतणाची, चाल पडली ती श्रीखंडामुळं. मालकांच्या मुलीचा साखरपुडा होता आणि श्रीखंडाचे डबे आमच्याच चाचणीच्या कोल्ड रूममध्ये ठेवले होते. नेमकी आदल्याच दिवशी आप्पांनी सामाईक फाईलमध्ये सुधारणा केली. तोवर आम्ही तापमान पूर्ण अंशांत मांडत होतो, त्यांनी ते अंशाच्या दहाव्या भागात केलं. म्हणजे चारचे झाले चाळीस. सुधारणा चांगलीच होती, फक्त कोणाला सांगायची राहिली! सेन्सरचा प्रोग्राम नव्यानं बिल्ड झाला, कॉम्प्रेसरचा जुनाच राहिला. सेन्सर म्हणाला चाळीस, कॉम्प्रेसरला वाटलं, अरे देवा, आत भट्टी पेटली की काय! तो आपला पूर्ण जोरानं गार करत सुटला आणि डबे नेमके त्याच्या गार झोतासमोर. सकाळी डबे उघडले तर श्रीखंडाच्या विटा. हॉलमध्ये पंगत बसलेली, ताटात पुऱ्या वाढून झालेल्या आणि आमचे मालक सफारी सूटमध्ये मागच्या पडवीत हातोडीनं श्रीखंड फोडतायत... व्याही डोकावले, तर मालक शांतपणे म्हणाले, "आमच्यात असंच खातात."

दुसऱ्या दिवशी आप्पा एकेका टेबलाशी जाऊन उभे राहिले. "चूक माझी. बदललं, पण बोललो नाय." आणि तेव्हापासून नियमच झाला, की सामाईक फाईलला हात लावणाऱ्यानं स्वतःच्या पायांनी प्रत्येकापाशी जायचं आणि तोंडानं सांगायचं. मेल चालणार नाही, ग्रुप चालणार नाही. "लग्नाची पत्रिका दिली म्हणून कोणी पानावर येऊन बसतं का, ताई? पानं मांडली की दारात जाऊन 'चला जेवायला' म्हणावं लागतं. तेव्हा माणूस उठतो. ह्याला आवतण म्हणायचं."

झालं! एक आकडा बदलायचा म्हणजे अख्खी सकाळ गेली. आप्पा निघाले आवतणाला, की पहिल्या टेबलावर फाईलचं एक वाक्य आणि मुलाच्या दहावीची दहा वाक्यं. दुसऱ्या टेबलावर डब्यातला एक घास. तिसऱ्या टेबलावर कोणाच्या घराचं बांधकाम कुठवर आलं, स्लॅब पडला का, पाणी नीट मारताय ना. टेस्टिंगमधल्या एकाचं लग्न त्यांनी असंच फिरता फिरता जमवलं आणि पुढं नवराबायकोचं भांडणही असंच फिरता फिरता मिटवलं. मी चिडायचे. मशीन सगळ्यांना आपोआप कळवतं, हे मी त्यांना कितीदा समजावलं. शिवाय मी म्हणायचे, ही एवढी अगडबंब फाईल हवीच कशाला? तुकडे करा. वेळेचं वेळेकडं, तापमानाचं तापमानाकडं. मग ज्याचं बदललं त्यानं बघावं, बाकीच्यांना ताप नाही. यावर आप्पा चष्मा कपाळावर सरकवत. "बांध घालून वावराचे तुकडे केले, भाऊ भावाशी बोलायचा बंद झाला. आता फाईलीचे करा." "अहो, वावर वेगळं, फाईल वेगळी!" "माणसं तीच ना, ताई?" मी कपाळावर हात मारून घ्यायचे.

माझी आई शेवटच्या आजारात होती, तेव्हा मी ऑफिसात कोणाला काही बोलले नव्हते. सुट्टी मागायची नाही, रडायचं नाही, स्क्रीनकडं बघत बसायचं. त्या आठवड्यात आप्पा रोज आवतणाला येऊ लागले. "ताई, फाईल बदललीय बरं का," म्हणत स्टूल ओढायचे आणि मग फाईलचं नावसुद्धा काढायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी मी सगळं सांगून मोकळी झाले. त्यांनीच मालकांशी बोलून मला घरी धाडलं. पुढं केव्हातरी मी त्या दिवसांतले बदल उघडून पाहिले. बदल काहीच नव्हते. एका शेऱ्याच्या शेवटी पूर्णविराम दिला होता, दुसऱ्या दिवशी काढला होता, तिसऱ्या दिवशी परत दिला होता. आणि त्यापायी सगळं ऑफिस तीनदा बिल्ड करत बसलं होतं!

मग नवे साहेब आले. हुशार माणूस, मला वाटायचं तेच त्यांनाही वाटलं. सामाईक फाईलचे तुकडे करायचे ठरले आणि काम अर्थातच माझ्याकडं आलं, कारण इतकी वर्षं मीच ओरडत होते. नेमके तेव्हाच आप्पा हृदयाच्या दुखण्यानं दवाखान्यात दाखल झाले. मी भेटायला गेले तर उशाला मोसंबी सोलत आप्पांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या काकू, बसल्या होत्या. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "तोडताय म्हणं?" मी म्हटलं, "हो आप्पा." "बघा बुवा," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. हीच आमची शेवटची भेट. भांडले असते तर बरं झालं असतं... मी बाहेर येऊन जिन्यात बसले. हा माणूस माझ्यावर रागावून जाणार, आणि तसाच गेला, हे दहा दिवस माझ्या मनातून जात नव्हतं.

दहावा गोदाकाठी, नांदूरमध्यमेश्वरच्या अलीकडे. तिथल्या पाणवठ्यावर कुठल्याकुठल्या देशांतले पक्षी येतात, लोक दुर्बिणी घेऊन बघायला जातात. त्या दिवशी बगळे आले, करकोचे आले, पिंडाला शिवायला कावळा काही येईना. एक होता, समोरच्या बाभळीवर. बसल्या जागेवरून नुसता बघत होता. मुलगा पुढं झाला, "आप्पा, बाग मोडणार नाही." कावळा ढिम्म. भाऊ म्हणाले, "बांधाचं मिटवून टाकतो." ढिम्म. मेव्हण्यांनी आणलेली कांदाभजी पिंडाशेजारी ठेवली. "दाजी, तुमची जुनी स्कूटर भंगारात देणार नाय." कावळ्यानं चोच साफ केली. ऊन चढलं, म्हाताऱ्या माणसांना उभं राहवेना, गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा काकू म्हणाल्या, "कंपनीतली मंडळी बोला कोणीतरी. अर्धा जीव त्यांचा तिकडंच होता."

सगळ्यांनी मला पुढं ढकललं. मी इंजिनिअर बाई, मोजमापावर विश्वास ठेवणारी, चार गावांच्या माणसांसमोर पदर खोचून एका कावळ्यापुढं उभी. हात जोडले, म्हटलं, "आप्पा, फाईल तोडणार नाही हो." कावळा उडाला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला. मागं कोणीतरी खुसकन हसलं. माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांत एकदा तरी माझं ऐकलंय का या माणसानं! "बरं, तोडणार आहे!" मी ओरडलेच. "तोडायलाच पाहिजे ती, तुम्हालाही माहितीये! पण आवतण नाही बंद पडू द्यायचं. एका टेबलापुरता बदल असला तरी सगळ्या टेबलांवर जाईन, स्वतः जाईन. झालं का समाधान? या आता, माणसं उन्हात उभी आहेत!"

आणि तो आला. सरळ खाली उतरला, पिंडाला चोच लावली, मग एक भजं उचललं आणि बाभळीवर परत गेला. मेव्हणे डोळे पुसत म्हणाले, "दाजीच." नवे साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, भज्यांचा वास आला असेल." असेलही. मला कावळ्याशी देणंघेणं नाही. मी तिथं वाळूत बसून हमसाहमशी रडले, इतकंच मला ठाऊक आहे, आणि काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

फाईल तुटली. आता सहा फायली आहेत, कोणाचा बदल कोणाला लागत नाही, काम झपाट्यानं होतं. मी म्हणत होते तसंच सगळं झालं, आणि ऑफिस इतकं गप्प झालं, की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. काल मी 'घाई_नको' थोडी वाढवली आणि निघाले. कोणाच्या मुलाचा क्लास, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, असं करत आप्पांच्या जागेपाशी पोचले. तिथं आता पेठ तालुक्यातली एक नवी मुलगी बसते, कानात हेडफोन, कोणाशी फारसं बोलत नाही. मी उभी राहिले. तिनं एक कान मोकळा केला. मी बदल सांगितला.

"यात माझ्या प्रोग्रामचं काही बदलतं का, मॅडम?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही गं. जेवलीस का?"

मग तिनं दुसराही हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि मान हलवली, नाही. मी स्टूल ओढलं.