साडेसातची मालिका आणि एक कोयता

मालिका बिघडली म्हणून एवढं काय चिडायचं, असं मला पुष्कळ जणांनी विचारलं आहे. सगळ्यात आधी नवऱ्याने. त्याची जीप केज आणि आमचं गाव यांच्यामध्ये दिवसभर फेऱ्या मारते. संध्याकाळी तो दमून येतो, टीव्हीसमोर जेवायला बसतो आणि शेवटच्या घासाला पेंगायला लागतो. "करमणूक हाय ती. सोडून दे की," म्हणतो. मी सोडणार नाही. नुसती करमणूक असती तर सोडलीही असती. ती मालिका आमच्या घरात, आमच्याच विजेवर चालून, आमच्याच माणसाच्या विरोधात बोलली. त्याचा राग मला अजून आहे, आणि तो मी राखून ठेवला आहे.

आमचं माणूस म्हणजे माझी थोरली नणंद. मी तिला आक्का म्हणते. लग्न झाल्यापासून, आमच्या भागातल्या पुष्कळ बायकांसारखी, तीही दिवाळी सरली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. तोडीच्या बोलण्यात नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. तोडीला माणसं ठरवणारा मुकादम विचारतो, "कोयते किती?" म्हणजे जोड्या किती. एकटा गडी किंवा एकटी बाई असली तर तो अर्धा कोयता. लहानपणापासून ऐकत आल्यामुळे या शब्दाचं आम्हाला काही वाटत नाही. बाहेरच्या माणसाला सांगायला लागलं की मात्र जीभ जरा अडखळते.

एका हंगामात आक्का तापाने फणफणली. टोळी दुसऱ्या उसाच्या फडावर निघाली, तेव्हा दाजी, म्हणजे तिचा नवरा, तिला कोपीत, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, तशीच टाकून टोळीबरोबर निघून गेला. बरी झालीस की ये, एवढंच म्हणाला. ती बरी झाली, पण त्याच्याकडे गेली नाही. एसट्या बदलत थेट माहेरी आली. एका हातात कपड्यांचं बोचकं आणि दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेला तिचा कोयता. तो तिने बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वरच्या खिळ्याला अडकवला. हे धूड कशाला आणलंस, असं आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाली, "माझा हाय. त्याच्यापाशी कावून ठिवू?"

त्याच सुमाराला ती मालिका लागली. रोज संध्याकाळी साडेसातला. नवऱ्याचं घर सोडून आलेली एक बाई तालुक्याच्या गावात खानावळ काढते, अशी गोष्ट.

आता मी कितीही चिडलेली असले तरी खोटं बोलणार नाही. पहिलं वर्ष ती मालिका फार चांगली होती. त्या बाईकडे दोनच साड्या होत्या. एका हिरव्या साडीचा काठ उसवलेला होता आणि तो रोज तसाच उसवलेला दिसायचा. एकदा तिचा हात तव्याला भाजला. तिने चिंधी बांधली, आणि ती चिंधी आठवडाभर हातावर राहिली, मळत गेली. खानावळीत जेवायला आलेला पहिला माणूस म्हणाला, भाजीत मीठ जास्त झालंय. कुठलीही दुसरी बाई तिथे रडली असती. हिने बोटाने भाजी चाखली आणि म्हणाली, हो, झालंय. आक्काने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "बाई खरी हाय," म्हणाली. आक्काकडून असं प्रशस्तिपत्रक मिळणं सोपं नाही. माझ्या स्वयंपाकाला ते अजून मिळालेलं नाही.

साडेसातला वीज गेली तर आक्का दुसऱ्या दिवशी दुपारचा पुनर्प्रसारणाचा भाग बघायची आणि त्यासाठी जेवण पुढे ढकलायची. अशीच एकदा जाहिरात लागलेली असताना ती म्हणाली, "भाकरी तर मला बी येत्यात की." बस, एवढंच. नवऱ्याने हायवेवरच्या एका ढाब्यावर विचारलं. ढाबेवाल्याला संध्याकाळच्या ज्वारीच्या भाकरी हव्याच होत्या. दुपार कलली की आक्का परातीशी बसू लागली आणि भाकरी फडक्यात गुंडाळून, टोपलीत घालून जीपने जाऊ लागल्या. मालिकेने तिला भाकरी शिकवली, असं मी म्हणत नाही. तिच्या भाकरीला टीव्हीतल्या बाईने काय शिकवावं? पण भाकरी विकता येते आणि विकणारी बाई मान वर करून बसू शकते, हे तिला त्या मालिकेने दाखवलं. ते ऋण मी मानते. म्हणून तर राग जास्त आहे.

मग मालिका गाजली, आणि गाजली तिथेच बिघडली. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालावं लागतं, हे कोणत्याही घरच्या बाईला कळतं. इथे पाहुणे जेवून, हात धुऊन, सुपारी खाऊन गेले तरी पाणी घालणं चालूच. आधी ती उसवलेली साडी गेली. मग रोज नवी साडी. बाई झोपेतून उठायची ती काजळ घालूनच. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की खानावळीत कोणी जेवायलाच येत नाही. चूल पेटत नव्हती, परात दिसत नव्हती. त्या स्वयंपाकघरात आता नुसता कट शिजत होता. जाऊ नणंदेच्या दुधात काहीतरी कालवणार, नणंद दाराआडून ऐकणार, मग विजा कडाडणार आणि प्रत्येकाचं तोंड तीन-तीनदा दाखवणार, अगदी कोपऱ्यातल्या मोलकरणीचंसुद्धा.

त्या बाईचा सोडलेला नवराही मध्येच बदलला. म्हणजे नट बदलला. अपघात झाला, पट्ट्या सोडल्या आणि आत वेगळाच माणूस. आक्का म्हणाली, "आसा बदलून मिळत आसता तर लई बरं झालं आसतं." त्या दिवशी आम्ही दोघी हसून हसून लोळलो. पण तो हसण्याचा शेवटचा दिवस. त्यानंतर ती बाई डोंगरावरून पडली, तिची स्मृती गेली, आणि बाकी सगळं विसरून तिला एकटा नवराच तेवढा आठवत राहिला. लिहिणाऱ्यांना लाज वाटायला हवी होती. वाटली नसावी, कारण हे प्रकरण दिवाळीपर्यंत दळत बसले.

गुढीपाडव्याच्या आसपास तोडीला गेलेली माणसं परत आली, तेव्हा शेजारची एक बाई टीव्ही बघायला येऊन बसली. ती तोडीला निघाली तेव्हा मालिकेत कुणाची तरी हळद चालली होती. मधल्या काळातलं सगळं मला सांगावं लागेल, म्हणून मी तयारीने बसले. तिने पडद्याकडे बघितलं. हळद चालूच होती. "आमी एवढे फड साफ करून आलो आन ह्यांची हळद आजून निघना व्हय?" ती म्हणाली. मला काहीही सांगावं लागलं नाही.

मी आक्काला म्हटलं, बंद करू. आक्का नको म्हणाली. "खानावळ चालू करंल ती परत. बघ तू." असं तिने कितीदा म्हटलं असेल. संध्याकाळी साडेसातला येऊन बसायची आणि ती चूल पुन्हा पेटायची वाट बघायची. मला त्या लिहिणाऱ्यांचा खरा राग कुठे येत असेल, तर तो इथे.

दसऱ्याच्या दिवसांत मुकादम गावोगाव फिरून जोड्या ठरवतात. आमच्याकडे निरोप आला की दाजी आक्काला न्यायला येणार आहेत, बरोबर मुकादमही येणार आहे. इतकी वर्षं ज्याला बायकोची आठवण झाली नाही त्याला आत्ताच कशी झाली, हे समजायला शहाणपण लागत नाही. एकटा तो अर्धाच कोयता होता, आणि अर्ध्याला पैसेही अर्धेच. आक्का गेली तर भाकरीचं काम संपणार होतं आणि ती पुन्हा त्याच माणसाबरोबर कोपीत जाऊन राहणार होती. नवरा म्हणाला, तिची इच्छा असेल तसं. आत्या मात्र गप्प राहिल्या, आणि त्यांचं गप्प राहणं मला आवडलं नाही.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मालिकेने महाएपिसोड काढला. त्या बाईने खानावळीला टाळं लावलं, किल्ली नवऱ्याच्या पायाशी ठेवली, सासूने ओवाळलं, बाई म्हणाली की माझं खरं घर हेच, मी चुकले. काय चुकली? मीठ जास्त झालं तेव्हा कबूल करणारी बाई ती. न चुकलेली चूक तिच्या तोंडात घातली. आत्या पदराने डोळे पुसत होत्या. मी ताट आपटून उठले. आक्का जेवत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "टाळं लावलं तिनं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादम आणि दाजी मोटारसायकलवर आले. नवरा जीप न काढता घरी थांबला होता. मुकादम बोलका होता, दाजी मोबाईलमध्ये तोंड घालून बसले होते. चहा झाला. मुकादम म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं. आर्ध्या कोयत्यावर संसार व्हत न्हाई. पुरा कोयता पायजे."

आत्यांनी आक्काच्या पाठीवर हात ठेवला. "आगं, त्या खानावळवालीनं बी शेवटी घर धरलंच की. एवढी हुशार बाई ती. तू काय येगळी हायस का?"

मुकादमाला आयतंच सापडलं. "बगा. टीव्हीत बी तेच दाखवतेत."

फितूर झालेला साक्षीदार म्हणतात तो म्हणजे ही मालिका. एवढी वर्षं आमच्या घरचं खाऊन ऐन वेळी दुसऱ्या बाजूने बोलला. सुनेने बैठकीत बोलायचं नसतं, पण ते माझ्याच्याने पाळवलं नाही. मी दारातून म्हटलं, "आत्या, त्या बाईला परत जायाचा पगार मिळतो. आक्काला काय मिळनार हाय?" नवऱ्याने माझ्याकडे डोळे वटारले. मीही वटारले.

आक्काने मला हाताने थांबवलं आणि दाजींना विचारलं, "माझा ताप उतरला, हे तुमाला कवा कळलं?"

दाजींनी मोबाईलवरून मान वर केली. "टोळीतल्यांनी सांगितलं की."

"म्हंजी इचारलं बी न्हाई."

दाजी पुन्हा मोबाईलकडे वळले. आक्का उठली. टीव्हीच्या वरच्या खिळ्यावरचा कोयता तिने काढला, पदराने त्यावरची धूळ पुसली आणि मूठ पुढे करून मुकादमासमोर धरला.

"तुमाला कोयता पायजे ना? ह्यो न्या. पुरा हाय."

समोर धरलेली वस्तू माणूस घेतोच. मुकादमाने घेतला. त्याचं काय करायचं हे त्याला कळेना, म्हणून त्याने तो दाजींकडे दिला. दाजींनाही कळेना. गेले तेव्हा दाजी मोटारसायकलवर मागे बसले होते आणि कोयता दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता. आक्काने ते बघितलंसुद्धा नाही. भाकरीला उशीर झाला होता, तिने पीठ मळायला घेतलं.

त्या दिवशी साडेसातला टीव्ही आत्यांनीच लावला. मालिकेतली सासू त्या बाईला टाकून बोलत होती आणि बाई खाली मान घालून ऐकत होती. आत्या जरा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "ही कावून गप बसलीय? आधी तर लई बोलायची." आत्यांनी टीव्ही बंद केला आणि आत जाऊन आक्काच्या शेजारी बसल्या. त्या दोघींचं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. भाकरीच्या टोपलीवर फडकं मात्र तेव्हापासून आत्या बांधतात.

मालिका अजून चालू आहे. त्या बाईची आता एक जुळी बहीणही निघाली आहे म्हणतात. आम्ही बघत नाही, टीव्हीवर आत्या भजन लावतात. कोयत्याच्या खिळ्याला आक्काने पिठाची चाळण अडकवली आहे, आणि भाकरी आता दोन ढाब्यांवर जातात.

परवा भजन संपलं आणि मध्येच त्या मालिकेची जाहिरात लागली. बघणारे कमी झाले असावेत. मोठ्या आवाजात सांगत होते की खानावळीची चूल पुन्हा पेटणार. तीच हिरवी साडीही दाखवली, काठ नव्याने उसवलेला. मी आक्काला हाक मारली. ती परातीवरून उठली नाही, तिथूनच तिने मान वाकडी करून बघितलं.

"आता कशाला?" म्हणाली. "गिऱ्हाईक गेलं की."