भुईची सुट्टी आणि सुध्याचा झोपाळा

टेक्ससमधल्या आमच्या प्लेनोमध्ये गराजात गाडी ठेवणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. गाड्या बाहेर उन्हात उभ्या आणि आत जुना कॅरमबोर्ड, गणपतीच्या डेकोरेशनचे खांब, इंडियाला नेऊन न उघडता परत आणलेल्या बॅगा. किस्स्यांचंही तसंच होतं. टाकवत नाहीत, नुसते साठत जातात. मग एक दिवस शटर वर केलं की धडाधड अंगावर!

आज आमच्या सुध्याच्या ओडिशा ट्रिपचं शटर वर करतोय. यातलं थोडं तिखटमीठ माझं आहे. पण सुध्या स्वतः हे सगळं साफ नाकारतो, त्यावरूनच काय ते समजा!

सुध्या म्हणजे सुधीर. मूळचा पुण्याचा, इथे एका कंपनीत सीनियर डायरेक्टर. त्याची एकुलती एक मुलगी रिया. तिला आवडला सौम्य, एक ओडिया इंजिनिअर. शांत मुलगा. काहीही विचारा, आधी हसणार. त्याला लहानपणापासून वाढवलं आजोबांनी. आजोबांना ते लोक 'जेजे' म्हणतात. जेजे ओडिशातल्या खेड्यात भातशेती करतात आणि गाव सोडून कुठे जात नाहीत. त्यांचा निरोप आला, "मुलीच्या बापाला एकदा इकडे आण. बघायचाय."

सुध्याच्या तोंडचं पाणी पळालं. "यार, हा इंटरव्ह्यू आहे! मी नापास झालो तर पोरीचं लग्न मोडलं म्हणून समज."

"बाबा, चिल!" रिया म्हणाली. सुध्याची बायको, सुनीतावहिनी, तर अगदीच निवांत. त्यांनी बॅगा भरायला घेतल्या.

सुध्याने आधाराला मला आणि नानांना बरोबर घेतलं. नाना म्हणजे आमच्या ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ, नागपूरचे रिटायर्ड डॉक्टर. मी का? तर म्हणे, "तू वेळ पडली तर थापा मारू शकतोस." गुणांची कदर असावी ती अशी!

*

सुध्याने आधी तयारीचा प्रोजेक्ट प्लॅन केला. "तिथे जमिनीवर मांडी घालून जेवावं लागणार. प्रॅक्टिस पाहिजे!"

शनिवारी सकाळी त्याच्या गराजात आम्ही तिघं मांडी घालून बसलो. बसलो ते बसलोच! सुध्याच्या पायांना मुंग्या आल्या, माझा गुडघा अडकला आणि नाना म्हणाले, "मी डॉक्टर म्हणून सांगून राहिलो, कोणी हलू नका बे." वहिनी ग्रोसरीला गेलेल्या. त्या येईपर्यंत आम्ही डोळे मिटून कळा सोसत बसलो.

समोरचा ग्रेग कुत्रा फिरवत चालला होता. तो थांबला. बराच वेळ बघत राहिला. मग हळूच आत आला, कुत्र्याला खाली बसवलं आणि आमच्या शेजारी मांडी घालून त्यानेही डोळे मिटले.

वहिनींनी येऊन आम्हाला एकेकाला मुळ्यासारखं उपटलं, तेव्हा ग्रेगच्या डोळ्यांत पाणी होतं. "इतकी शांती मला जन्मात मिळाली नव्हती!"

आता तो दर शनिवारी येतो. कुत्राही येतो. आम्ही खुर्च्यांवर चहा पितो, ते दोघं खाली डोळे मिटून. आम्ही फार गप्पा मारायला लागलो तर कुत्रा गुरगुरतो!

*

जूनच्या उकाड्यात आम्ही तिघं, वहिनी, रिया आणि सौम्य असे गावात पोचलो. भाताची खाचरं, एक तळं, पोफळीची झाडं. जेजे ओसरीवर बसले होते. ऐंशी पार केलेले, उघडे, खांद्यावर गमछा. ते ओडियात बोलत, सौम्य भाषांतर करी. मी तुम्हाला सरळ मराठीतच देतो.

"जमीन किती?" जेजेंचा पहिलाच प्रश्न.

"पाव एकर," सुध्या छाती काढून म्हणाला.

"काय लावता?"

"गवत."

"गाई किती?"

"गाई नाहीत."

"मग गवताचं काय करता?"

"दर आठवड्याला कापतो. पिशव्यांत भरून टाकून देतो."

जेजेंनी जरा विचार केला. "मग लावता कशाला?"

"नाही लावलं तर कॉलनीच्या असोसिएशनची नोटीस येते."

"आणि वाढू दिलं तर?"

"तरी नोटीस येते."

जेजेंनी सुध्याच्या हातावर मायेने हात ठेवला. मग सौम्यकडे वळून हळूच म्हणाले, "यांना तिथून सोडवून आणता येणार नाही का रे?"

*

पहिली फेरी गेली म्हणून सुध्याने दुसऱ्या दिवशी लॅपटॉप काढला. त्याने प्रेझेंटेशन करून आणलं होतं! आमचं घराणं, मुलीचं शिक्षण, आणि एक स्लाइड चक्क 'आम्हीच का?' या मथळ्याची. गावातले चार म्हातारे मुद्दाम बोलावले होते.

चूक एकच झाली. कार्यक्रम जेवणानंतर ठेवला. आणि जेवायला होतं पखाळ! म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवून जरासा आंबवलेला थंडगार भात, वर दही, सोबत तळलेली मासळी आणि वांग्याचं भरीत. पखाळ जेवून जागा राहिलेला माणूस त्या गावात अजून जन्मलेला नाही.

पहिल्या स्लाइडला जेजे भिंतीला टेकले. दुसरीला चारही म्हातारे आडवे. तिसरीला सुध्याच म्हणाला, "आता रियाचे कॉलेजातले मार्क..." आणि त्याने कीबोर्डवर गाल टेकला तो घोरायलाच लागला. गालाच्या दाबाने स्लाइड्स आपोआप पुढे सरकत गेल्या, आणि शेवटची स्लाइड सगळ्या घोरणाऱ्या मंडळींना विचारत राहिली, 'काही प्रश्न?'

नाना घाबरले. प्रत्येकाची नाडी बघत फिरले. "सगळे जिवंत आहेत," असं मला सांगितलं आणि शेवटच्या म्हाताऱ्याचं मनगट धरूनच त्याच्या शेजारी झोपले.

संध्याकाळी जेजे म्हणाले, "तुमचं बोलणं फार छान. कित्येक वर्षांत अशी झोप लागली नव्हती!"

"म्हणजे हो की नाही?" सुध्याने सौम्यला विचारलं.

सौम्य हसला.

*

तिसऱ्या दिवशी तिथला 'रज' सण लागला. या सणात भुई रजस्वला झाली असं मानतात आणि तिला तीन दिवस सुट्टी देतात. नांगरायचं नाही, खणायचं नाही, अनवाणी पाय टेकून तिला त्रास द्यायचा नाही. मुली झोपाळ्यांवर झुलतात, पुरुष पत्ते कुटतात. सौम्यने हे आदल्या दिवशी नीट समजावून सांगितलं होतं. सुध्या तेव्हा पखाळ जेवून झोपला होता!

आता सुध्याचा कढीपत्ता. प्लेनोच्या थंडीत त्याची तीन झाडं गेली आहेत. चौथ्याला तो हिवाळ्यात घरात घेतो, हीटरजवळ ठेवतो, बोलतो त्याच्याशी. आमच्याकडे माणूस एक वेळ किडनी देईल, पण कढीपत्त्याचं रोप देणार नाही! त्यामुळे जेजेंना द्यायला याहून मोठी भेट सुध्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. त्याने भुवनेश्वरच्या नर्सरीतून रोप घेऊन ठेवलं होतं.

सणाच्या पहिल्या सकाळी सरप्राइज म्हणून हा पठ्ठ्या अनवाणी अंगणात उतरला आणि त्याने दणादण कुदळ चालवली. वर सेल्फी!

शेजारची म्हातारी किंचाळली. तिचं ऐकून पलीकडची किंचाळली. सगळं गाव गोळा झालं. जेजे बाहेर आले. खड्ड्याकडे बघितलं, सुध्याकडे बघितलं, रोपाकडे बघितलं.

"हे झाड?" त्यांनी परसाकडे बोट केलं. तिथे कढीपत्त्याचं रान माजलं होतं. बकऱ्या खात होत्या!

मग निकाल लागला. ज्याने भुईला दुखावलं, त्याने सण संपेपर्यंत भुईवर पाय ठेवायचा नाही. आंब्याला टांगलेल्या झोपाळ्यावर बसायचं, रात्री खाटेवर. अगदीच नड असेल तर पोफळीच्या गळलेल्या झावळीच्या चपला घालून जायचं आणि परत यायचं.

"लग्नाचं काय?" सुध्या झोपाळ्यावरून ओरडला.

"आधी भुई शांत होऊ दे," सौम्यने जेजेंचं उत्तर सांगितलं.

*

सणाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुध्याच्या ऑफिसची व्हिडिओ मीटिंग होती. झोपाळ्यावरूनच घेतली. मागे आंब्याच्या फांद्या वर-खाली, वर-खाली. टेक्ससमध्ये त्याची बॉस कॉफी पीत होती, तिने कप बाजूला ठेवला.

"सुधीर, तू बोटीत आहेस का?"

तेवढ्यात गावातल्या मुली आल्या. नवे कपडे, पायांना लाल अळता, केसांत फुलं. त्यांची झुलायची वेळ झाली होती आणि झोपाळ्यावर हा! मुलींनी तोडगा काढला. दोघी त्याच्या शेजारी बसल्या आणि बाकीच्यांनी गाणी म्हणत असा झोका दिला की सुध्या स्क्रीनवरून दिसेनासा व्हायचा, परत यायचा. आला की एक वाक्य बोलायचा.

"बजेट..." गेला. "...वाढवावं..." गेला. "...असं माझं..."

बॉस थक्क. "या सगळ्या कोण?"

सुध्याला घाईत दुसरं काही सुचलं नाही. म्हणाला, "आमची इंडिया टीम!"

बॉस म्हणाली, "टीमचा असा उत्साह मी कुठल्याच ऑफिसात पाहिला नाही. वाढवा त्यांचं बजेट!"

*

इकडे नानांनी जेजेंना खूश करायचं काम अंगावर घेतलं. सणात जेजे दिवसभर पत्ते खेळत. नाना म्हणाले, "मी त्यांच्याशी खेळून हरतो. म्हातारा खूश झाला की सोयरीक पक्की!"

प्लॅन उत्तम होता. नाना प्लेनोत गेली कित्येक वर्षं दर शुक्रवारी रमी खेळतात आणि एकदाही जिंकलेले नाहीत. हरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

पण त्या खेळाचे नियम नानांना कळले नव्हते. हरायचं म्हणून ते जे पान टाकत, ते नेमकं जिंकायचं! घाबरून आणखी वाईट पान टाकावं, तर अख्खा डाव खिशात. सणाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी नानांपुढे जिंकलेल्या विड्यांचा आणि नारळांचा ढीग लागला होता आणि ते घामाघूम होऊन मला म्हणत होते, "काय करू बाप्पा, हरताच येऊन नाही राहिलं!"

जेजेंनी पत्ते खाली ठेवले. लाल डोळ्यांनी झोपाळ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्या घरची माणसं सगळी अशीच का?"

झोपाळ्यावर सुध्याने डोक्याला हात लावला. "गेलं लग्न!"

*

सणाच्या चौथ्या दिवशी भुईची अंघोळ असते. वाटण वाटायचा पाटा अंगणात ठेवतात. त्यालाच भुई मानतात. बायका त्याला हळद लावून न्हाऊ घालतात, शेंदूर लावतात, फुलं वाहतात. सुनीतावहिनीही पदर खोचून त्यांच्यात बसल्या होत्या. जेजेंनी सुध्याला झोपाळ्यावरून उतरवलं आणि सगळ्या गावासमोर पाट्यापुढे उभं केलं. "माग माफी."

सुध्याने घसा खाकरला. सवयच ती! म्हणाला, "घडल्या प्रकाराची संपूर्ण जबाबदारी मी घेतो. असं पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही आमच्या प्रोसेसमध्ये आवश्यक ते बदल..."

जेजेंनी हात वर केला. हळूहळू खाली वाकले आणि पाट्याला कान लावला. सगळं गाव पुढे सरकलं.

जेजे उठले. "ती म्हणते, माफ केलं. फक्त याला गप्प करा."

गाव खो खो हसलं. सुध्या मात्र हसला नाही. तीन दिवसांत त्याची दाढी वाढली होती, शर्ट चुरगळला होता. तो सरळ जेजेंच्या पायांशी बसला. या वेळी मांडी बरोबर पडली.

"जेजे, मला नाही जमत हे सगळं. माझं घर गवताचं आहे, माझं बोलणं झोप आणणारं आहे, कबूल. पण माझी पोरगी चांगली आहे हो. माझ्याकडे बघून तिला नाही म्हणू नका. या दोघांच्या लग्नाला तुमची परवानगी द्या."

सौम्य भाषांतर करेना. खाली बघत उभा. हसायचंसुद्धा विसरला. रिया त्याच्या मागे सरकली.

शेवटी नाना पुढे झाले. तीन दिवस पत्ते कुटून त्यांना कामापुरतं ओडिया यायला लागलं होतं. त्यांनी सुध्याचं म्हणणं जेजेंना सांगितलं. जेजेंनी सौम्यकडे पाहिलं, रियाकडे पाहिलं, मग अतिशय गोंधळून नानांना काहीतरी विचारलं.

"काय म्हणाले? नाना, काय म्हणाले ते?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ते विचारून राहिले... परत? म्हणतात, मागच्या वर्षी कोर्टात झालं ना एकदा. त्यांनी मोबाइलवर अक्षता टाकल्या म्हणे."

सुध्या सावकाश वहिनींकडे वळला.

वहिनी पाट्याला हळद लावत होत्या. अगदी मन लावून.